रानातल्या पाल्याचं तेल काढण्याआधी

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. राहायला कोथरूडला, मुळशीत वडिलोपार्जित दोन एकर पडीक जमीन. बांधावर निर्गुडी, माळावर रानतुळस आणि घाणेरी, ओढ्याकडेला तुम्हीच लावलेली गवती चहाची बेटं. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी जोडून सुगंधी तेल काढतात असा एक व्हिडिओ पाहिलात. तसंच घराच्या गॅलरीत करता येईल का, त्यात धोका काय, आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी निर्गुडीचं तेल त्यातून मिळेल का, असं विचारताय.

कुकरचं आधी सांगतो: नको. मी २२ वर्षं भट्टीवर सुगंधी तेल काढायचं काम करतोय आणि या एका बाबतीत मला मधला मार्ग दिसत नाही. शिट्टीखालचं भोक जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. पाला उकळायला लागला की फेस चढतो, फेसाबरोबर पानांचे तुकडे वर येतात आणि नेमके त्या भोकाशी अडकतात. डाळ शिजवताना दाब वाढला की शिट्टी उचलली जाते, कुकर त्यासाठीच बनवलेला असतो. इथे तुम्ही शिट्टी काढून टाकलीय. उरला तो सेफ्टी व्हॉल्व, आणि तो तुमच्या नव्या जुगाडाचा विचार करून बसवलेला नाही. झाकणाची रबरी रिंग सुगंधी तेलाने फुगते, मऊ पडते आणि स्वतःचा वास तेलाला देते. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर आंबट किंवा तिखट तेलांनी तेही खाल्लं जातं. म्हणजे जिवाला धोका आणि वर तेलही खराब.

मुळात या कामाला दाब लागतच नाही. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, सिनिओल, एकटा उकळायचा तर १७६ अंश सेल्सियस तापमान लागतं. रोशा गवताच्या तेलातल्या जिरॅनिऑलला २३० अंश. पण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब एकत्र धरला जातो आणि ती जोडी पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडं खालीच वर निघते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्यात सगळं काम होतं. वाफेला फक्त पुढची वाट मोकळी हवी.

ही वाट मोकळी ठेवणं हीच माझ्या मते सगळ्यात मोठी सुरक्षा. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. ती नळीतून थंड होऊन थेंबाथेंबाने बाहेर पडत राहिली तर काहीच होत नाही. वाट अडली तर झाकण, सांधा किंवा नळी, यांपैकी जे कमकुवत असेल ते सुटतं.

माझ्याकडे हे एकदा झालं. थंडीत कापूर तुळशीची खेप लावली होती. तिच्या तेलात कापूर भरपूर, आणि कापूर थंड झाला की द्रव न होता थेट खड्यासारखा धरतो. नळी गार करायला ती ज्यात बुडवलेली असते त्या पिंपातलं पाणी जानेवारीचं, गारढोण. पिंपातल्या त्या गुंडाळीच्या नळीत कापूर जमत गेला. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबलं. मी त्या वेळी पाला तोडायला गेलो होतो. मदतनीस शेजारी उभा होता, त्याला वाटलं तेल संपत आलं असेल. झाकणाच्या कडेला लावलेली कणीक एका बाजूने फाटली आणि वाफ त्याच्या मनगटावर आली. महिनाभर जखम होती. झाकण बोल्टने आवळलेलं असतं तर ते उडालं असतं, आणि काय झालं असतं याचा विचारही मला नको वाटतो.

त्या दिवसापासून तीन गोष्टी पक्क्या झाल्या. कापूर असलेल्या वनस्पतीला गुंडाळीची नळी नाही. सरळ, रुंद, गज घालून साफ करता येईल अशीच नळी. भट्टी चालू असताना तिच्यापाशी एक माणूस कायम, आणि त्याला एवढंच काम की धारेवर लक्ष ठेवायचं. धार मंदावली, मंदावण्याचं कारण कळलं नाही, तर आधी आच बंद. आणि झाकणाला कणीकच. बोल्ट नाहीत, क्लॅम्प नाहीत, वर वजन ठेवणं नाही.

कणकेचं महत्त्व लोकांना पटत नाही म्हणून जरा सांगतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले देग-भपक्याच्या, म्हणजे त्यांच्या अत्तर काढायच्या भांड्यांच्या, सांध्यांना माती आणि कापूस लावतात. आपण घट्टसर मळलेली कणीक लावू. ती वाफेने भाजून कडक होते, गळती थांबवते, आणि आत नको तितका दाब आला तर सगळ्यात आधी तीच सुटते. बाजारातली कुठलीही रबरी रिंग हे काम करत नाही.

आता भांड्याविषयी. सुरुवातीला १५ ते २० लिटरचं पुरे. स्टेनलेस स्टीलचं घ्या, किंवा तांब्याचं हवं असेल तर कसबा पेठेत तांबट आळीत करून घ्या आणि आतून कल्हई करा. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं कोरडं पडून तापलं की कल्हई गेलीच. नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटरपेक्षा कमी नको. बोहरी आळीत मिळणारी बारीक फ्रिजची नळी व्हिडिओत शोभते, पण ती पटकन तुंबते. नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार द्या; मध्ये कुठेही झोळ पडला तर तिथे पाणी साठतं आणि वाफ गचके देत बाहेर येते. सांधे डाग देऊन जोडायचे असतील तर शिसं नसलेलाच डाग मागा, आणि कारागिराला हे दोनदा सांगा. पहिल्या दोन खेपा नुसत्या पाण्याच्या काढा. तेल हिरवट निघालं तर तांबं उतरतंय असं समजा. ते तेल बाटलीत भरू नका.

पाला थेट पाण्यात बुडवू नका. तळापासून चार-पाच बोटं वर जाळी बसवा, खाली पाणी, वर पाला. पाला बुडाशी चिकटून करपला की तेलाला जळका वास लागतो आणि तो कशानेच जात नाही. पाला दाबून भरू नका, फार मोकळाही नको. हाताने हलकं चेपल्यावर पुन्हा वर यावा इतपत. झाकणाखाली थोडी जागा रिकामी हवी.

पाण्याचा हिशेब मी खडूने भिंतीवर लिहितो. जाळीखाली पाच लिटर घातलं तर तीन लिटर गोळा झाल्यावर भट्टी बंद, मग तेल येत असलं तरी. भांडं कोरडं पडणं ही आगीची सुरुवात असते.

थंड पाण्याबाबत नवीन माणूस हटकून कमी पडतो. एक लिटर वाफेचं पाणी करून ते गार करायला, थंड पाणी २५ अंशांवरून ५५ वर जाऊ दिलं तर, सुमारे २० लिटर लागतं. एका लिटरला एक मोठी बादली धरा. तीन लिटर काढायचे तर ६० लिटर, आणि मे महिन्यात टाकीचंच पाणी कोमट येतं तेव्हा त्याहून जास्त. मी २०० लिटरचं पिंप ठेवतो. नळीतून पडणारी धार हाताला कोमट लागली तर ठीक, कढत लागली तर आच कमी करा. कढत धारेबरोबर तेलाची वाफ हवेत जाते, आणि इथून आगीचा विषय सुरू होतो.

सुगंधी तेलं पेट घेतात. निलगिरीचं तेल साधारण ५० अंशांपर्यंत तापलं की त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते आणि शेगडीपर्यंत जाते. म्हणून बंद गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, गॅस सिलिंडरच्या शेजारी हे काम करू नये. तुमच्या फ्लॅटच्या गॅलरीला माझं उत्तर नाहीच. वर-खाली दुसऱ्यांची घरं आहेत. मुळशीच्या जमिनीवर पत्र्याचं, तीन बाजूंनी उघडं छप्पर टाका. वीज असेल आणि भांड्याच्या तळाला चुंबक चिकटत असेल तर इंडक्शन शेगडी घ्या, ज्योत नसते आणि आच नेमकी राखता येते. तेल गोळा होण्याची जागा आचेपासून निदान दहा फूट लांब हवी. एबीसी पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा. तेलाच्या आगीवर पाणी मारू नका. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, मोकळ्यावर पसरून वाळवायच्या.

सुरू करताना आधी थंड पाणी, मग आच. थांबवताना आधी आच बंद, पाणी अर्धा तास तसंच. तेल गोळा करायच्या भांड्याला झाकण लावू नका आणि नळीचं टोक द्रवात बुडू देऊ नका. भट्टी निवताना आतली वाफ आकसते आणि ते द्रव मागे ओढून घेते. झाकण उघडताना तोंड बाजूला, आधी पलीकडची कड उचला. कुणी भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही.

यंत्राचं झालं. पण इतक्या वर्षांत मी ज्या चुका पाहिल्या त्यातल्या निम्म्याहून अधिक भट्टी पेटण्याआधीच झालेल्या होत्या, तोडणीच्या वेळी. तुमच्याकडची एकेक वनस्पती घेऊ.

गवती चहापासून सुरुवात करा. ओळखीचा, लावलेला, चुकायला जागा नाही. ताज्या पातीतून साधारण ०.३ टक्के तेल मिळतं. तीन किलोला नऊ-दहा मिलिलिटर. दुपारपर्यंत सावलीत मलूल होऊ दिलेली पात बरी. दोन-तीन तासांत जे यायचं ते येतं. पहिल्या दहा खेपा याच्याच करा, हात बसेल.

रानतुळस म्हणजे तुमच्या माळावर पावसाळ्यानंतर कमरेएवढी वाढून जांभळट फुलं येणारी, बहुधा हिप्टिस. ही अमेरिकेतून आलेली आगंतुक, वेताळ टेकडीपासून सिंहगडाच्या वाटेपर्यंत सगळीकडे माजलेली. ती कापण्यात निसर्गाचं नुकसान नाही. पण तिच्या भाऱ्यात गाजर गवत हमखास येतं. भारतात गाजर गवताची पहिली नोंद १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातलीच, आणि त्याने अंगावर उठणारी खाज, सूज किती चिवट असते हे तोडणीवर काम करणाऱ्या बायका तुम्हाला सांगतील. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि भारा जमिनीवर पसरून काडी-काडी निवडणं. निवडलेला भारा भट्टीत घालायचा, बांधलेला नाही. मी हे काम कुणावर सोपवत नाही.

घाणेरीचं तेल निघतं. फवारणीसाठी, किडी पळवण्यासाठी लोक वापरतात. मला त्यात एकाच गोष्टीची भीती वाटते: चोथ्याची. घाणेरीतली जी द्रव्यं जनावरांचं यकृत बिघडवतात ती वाफेबरोबर उडून जात नाहीत, ती पाल्यातच राहतात. भट्टीतून निघालेला मऊ, शिजलेला पाला गाईला वैरण वाटतो. तो कुंपणात, खतात घाला आणि गोठ्यापासून लांब.

याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अनेक विषं वाफेवर येत नाहीत म्हणून कुठलीही वनस्पती भट्टीत घातली तरी चालते असं कुणी सांगेल, तर ऐकू नका. वेखंड घ्या. आजीबाईच्या बटव्यातलं, बाळाला उगाळून द्यायचं. त्याच्या भारतीय जातीच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचं द्रव्य मोठ्या प्रमाणात असतं, ते प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगकारक ठरलं आणि अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड आणि त्याचं तेल खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. उगाळलेला वळसा आणि गाळलेलं तेल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दवण्याचंही तसंच. जोतिबाला वाहतात तो दवणा वेगळा, आणि घाटमाथ्यावर रानोमाळ उगवणारा ढोरदवणा वेगळा. त्याच कुळातला, वासाला तिखट, आणि त्याच्या तेलात थुजोन नावाचं द्रव्य असू शकतं, जे पोटात गेलं तर झटके आणतं. वरवर पाहून दवणा समजून तोडलेला मी पाहिलाय.

म्हणून नियम असा ठेवा: नाव खात्रीने सांगता येत नाही ती वनस्पती भट्टीत जाणार नाही. फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवण्याची चौकशी करा. मोबाइलवरच्या ॲपचं उत्तर ही सुरुवात आहे, खात्री नव्हे.

रस्त्याकडेचा आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा पाला नको; काही कीटकनाशकं वाफेवर स्वार होऊन तेलात येतात, आणि पाल्यात जितकी होती त्याहून घट्ट होऊन येतात. सह्याद्रीत लॅव्हेंडरच्या कुळातली एक जात सापडते, लॅव्हेंडुला गिब्सोनी. ती फक्त पश्चिम घाटातली. ‘आपलं लॅव्हेंडर’ म्हणून तिच्यामागे लागू नका, कृपा करून. तीन किलो पाल्यासाठी एखादा पूर्ण उतार उघडा पडेल.

टेकड्यांवरून, ताम्हिणीतून, भीमाशंकरातून काहीही तोडू नका. वनखात्याच्या जमिनीवरचा पालाही वनोपज आहे आणि अभयारण्यात तर हात लावायचाच नाही. स्वतःच्या जमिनीवरचं काढून विकायचं असेल तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे काय कळवावं लागतं ते ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे विचारा. आणि आंबवलेलं काहीही, महुआ असो की फळांचा गर, या भट्टीत कधीही घालू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार तो गुन्हा आहे.

निघालेलं तेल पाण्यावर तरंगतं, ते वरून काढून घ्यायचं. पण लवंग, दालचिनीच्या पानांचं किंवा युजेनॉल (लवंगेच्या वासाचं द्रव्य) भरपूर असलेल्या तुळशींचं तेल पाण्याहून जड असू शकतं, ते तळाशी बसतं. वर काही दिसत नाही म्हणून पाणी ओतून देणारे मी पाहिलेत. गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ, थंड जागी ठेवा. बाटलीवर वनस्पतीचं नाव, जागा, तारीख. खाली उरलेलं सुगंधी पाणी फ्रिजमध्ये काही आठवडेच टिकतं. बुरशीचा तरंग दिसला की फेकायचं.

बाटल्या कुलपात हव्यात. घरात लहान मूल असेल तर हे मी विनवून सांगतो. निलगिरीचं किंवा कापराचं एक चमचा तेल लहान मुलाला झटके आणि बेशुद्धी आणू शकतं. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जातं. १०८ ला फोन, बाटली बरोबर घेऊन रुग्णालय. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार. अंगाला लावायचं तर १०० मिलिलिटर खोबरेल तेलात एक मिलिलिटर, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहायचं.

आता आईंचे गुडघे. ताई, आयुर्वेदात ज्याला निर्गुडी तेल म्हणतात ते भट्टीतलं तेल नाहीच. ते तिळाचं तेल, निर्गुडीत सिद्ध केलेलं. वाफेवर काढलेलं निर्गुडीचं तेल अगदी थोडं निघतं, तीव्र असतं आणि चोळायला नसतं. तुम्हाला हवंय ते घरच्या पातेल्यात होतं. सिद्ध तेलांचं जुनं प्रमाण आहे: एक भाग वाटलेला पाला, चार भाग तीळतेल, सोळा भाग पानांचा रस किंवा काढा. पातेलं मोठं, निम्म्याहून कमी भरलेलं, आच मंद, कारण पाणी आटेपर्यंत तेल उसळतं आणि उतू गेलं तर पेटतं. झाकण ठेवायचं नाही. सतत ढवळायचं, फोन आला तर आधी गॅस बंद. शेवटी वाटलेल्या पाल्याची बोटांत वात वळते का पाहा. ती वात शेगडीवर धरली आणि तडतडली नाही, म्हणजे पाणी पूर्ण गेलं. निवल्यावर गाळा. पानं कोवळी नकोत, पूर्ण वाढलेली, तीन किंवा पाच दलांची, मागून पांढुरकी. आईंना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या असतील किंवा गुडघ्यावर सूज, लाली, गरमपणा असेल तर चोळण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पाऊस उघडला की गवती चहाची पहिली खेप लावा. पाण्याचं पिंप, खडू आणि कणीक तयार ठेवा, आणि त्या दिवशी शेवटपर्यंत भट्टीशेजारी बसायला एक माणूस पक्का करा.